जावाच्या मागची भिंत

गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला, सूर्य मावळायच्या बेतात असताना मी काकांच्या जुन्या जावा मोटारसायकलचा पहिला फोटो काढला. मागे केशरी पाणी, पाण्यापलीकडे डोंगराची काळी रेघ आणि काठावर जावा. घरात तो सगळ्यांना इतका आवडला की दोघांनी मोबाइलवर वॉलपेपर म्हणून लावला. विक्रीच्या जाहिरातीत मी तोच सगळ्यात वर टाकला. आठ दिवसांत अकरा फोन आले. चौघांनी विचारलं, ही जागा नेमकी कुठे आहे. तिघांनी विचारलं, टाकीला भगवा रंग दिलाय का. कागदपत्रांबद्दल किंवा इंजिनाबद्दल एकानेही विचारलं नाही.

काकांच्या गाड्यांचं काम वर्षानुवर्षं ज्यांनी केलं त्या मिस्त्रींना मी तो फोटो दाखवला. त्यांनी हात पुसले, फोन घेतला, दोन बोटांनी फोटो मोठा केला आणि बराच वेळ पाहत राहिले. "ताई, फोटो झकास आलाय," ते म्हणाले. "पण यात गाडी कुठाय?"

मग एकेक करून दाखवलं. डोंगराची रेघ बरोबर हेडलाइटमधून आरपार गेली होती, त्यामुळे हेडलाइटचा गोल घाटच मोडला होता. सूर्य गाडीच्या मागे, म्हणजे आमच्या बाजूचा सायलेन्सर, इंजिनाचे पंखे म्हणजे थंडाव्यासाठीच्या पट्ट्या, साखळीचं कव्हर सगळं काळोखात. मेन स्टँडचा एक पाय ओल्या मातीत रुतलेला, त्यामुळे गाडी कलली होती आणि चेसिस वाकल्यासारखी वाटत होती. आणि मावळतीच्या उजेडाने जावाचा तो गडद लाल रंग नारिंगी झाला होता. भगव्या रंगाबद्दल विचारणारे तिघे चुकले नव्हते.

गाड्या तीन होत्या. 1969 ची जावा, काळी बुलेट आणि यामाहाची लाल आरएक्स 100. काका ओझरला मिगमध्ये, म्हणजे मिग विमानांच्या कारखान्यात, नोकरीला होते आणि पंचवटी ते ओझर जावावरून जात. ते गेल्यावर वर्षभर तिन्ही गाड्या वाड्याच्या पडवीत ताडपत्रीखाली होत्या. काकूला त्या तिथे गंजताना बघवेना. जो नीट चालवेल, सांभाळेल, त्याच्याकडे जाऊ दे, असं तिनेच ठरवलं. वारसाच्या नोंदी, आरसी काकूच्या नावावर करणं, यात तीन महिने गेले. फोटोंचं काम माझ्याकडे आलं. वाटलं होतं, रविवारची एक सकाळ पुरेल. पुरता हिवाळा गेला.

जावाबद्दल थोडं सांगते, कारण फोटोत काय दिसायला हवं ते तिच्या बांधणीवरूनच ठरत गेलं. 1961 पासून ही गाडी म्हैसूरला, आयडियल जावा या कारखान्यात तयार व्हायला लागली. मूळ गाडी चेकोस्लोव्हाकियाची. पुढे त्याच कारखान्याने गाडीला येझदी हे नाव दिलं आणि 1996 मध्ये तो बंद पडला. अडीचशे सीसीचं टू स्ट्रोक इंजिन, सिलिंडर एक पण सायलेन्सर दोन, दोन्ही बाजूंना एकेक. किक आणि गिअर यांचा दांडा एकच, डाव्या हाताला. स्पीडोमीटर हेडलाइटच्या घरातच बसवलेला आणि किल्ली खुंटीसारखी खोचायची. टाकीच्या दोन्ही कुशींना क्रोमचे चकचकीत पट्टे. जुन्या जावाचं गिऱ्हाईक हे एकेक शोधत येतं. टाकी मूळची आहे की ठोकून बनवलेली, मडगार्डचा बाक बरोबर आहे का, मागचा सांगाडा कापून जोडलेला तर नाही. जुलै 2021 मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांपुढच्या गाड्यांसाठी व्हीए या अक्षरांची वेगळी नोंदणी आणली. तीत गाडी मूळ रूपात हवी, चेसिस, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा बदल केलेला चालत नाही, अशी अट आहे. तेव्हापासून घेणारा माणूस आकाराकडे जास्तच डोळ्यांत तेल घालून बघतो. त्याला आकार दिसायचा तर गाडीची कड मागच्या गोष्टीपासून सुटी, स्वच्छ दिसली पाहिजे.

काकूची इच्छा होती की फोटो वाड्याच्या दारात काढावा. चाळीस वर्षं गाडी त्याच दारातून आत-बाहेर झाली. दार सागवानी, लोखंडी गुलमेखांचं, खाली काळ्या दगडाचं जोतं. मी काढून पाहिला. काळ्या जोत्यावर काळे टायर विरघळून गेले. जुन्या सागाचा तपकिरी आणि जावाचा लाल इतके शेजारी शेजारी बसतात की मागचं मडगार्ड कुठे संपतं ते शोधावं लागत होतं. शिवाय गुलमेखांवर ऊन पडलं की प्रत्येक गुलमेख चमकते आणि नजर आधी तिथे जाते. मला आणखी एक गोष्ट खटकली. काकू वाड्यात एकटी राहते. एकट्या बाईच्या घराचं दार आणि आत किमती गाड्या, हे सगळ्या जगाला एका फोटोत दाखवायचं नव्हतं. हे कारण तिला सांगितलं तेव्हा ती गप्प झाली. तिला वाईट वाटलं होतं, आणि मलाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे गोदाघाटावर जागा बघायला गेले. दगडी घाट, नारोशंकराचं देऊळ, धुक्यातला उजेड. रामकुंडावर अस्थी घेऊन आलेली माणसं पाण्यात उभी होती. वर्षापूर्वी आम्ही तिथेच उभे होतो. फोन बाहेर न काढता परत आले.

मग मखमलाबादचा द्राक्षाचा मळा. ही कल्पना माझ्या मैत्रिणीची, मळाही तिच्याच घरचा. लालच्या मागे हिरवा फार खुलतो हे खरं. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर पानं दाट झाली होती आणि लांबून पाहिलं तर जावा त्या हिरव्यापुढे कुंकवासारखी दिसत होती. मऊ मातीत स्टँड रुतू नये म्हणून खाली फळी टाकली, तीसुद्धा मातीने झाकली. खुशीत दीडशे फोटो काढले. रात्री ते मोठे करून बघताना दोन गोष्टी लक्षात आल्या. मांडवाच्या तारा आडव्या धावत होत्या, त्यातली एक सीटवरून, एक हँडलवरून. आणि एक खांब टाकीतून उगवल्यासारखा सरळ वर गेला होता. हे निदान जागा बदलून टळलं असतं. दुसरी गोष्ट टळणारी नव्हती. टाकीचा क्रोम हिरवा झाला होता. पाण्याच्या टाकीवर शेवाळ धरतं तसा, खालून वर पातळ होत जाणारा हिरवा. सायलेन्सर हिरवे, चाकांच्या रिमा हिरव्या.

मला वाटलं मागच्या वेलींचा रंग पुढे आला. मिस्त्रींनी फोटो पाहिला आणि विचारलं, "तुम्ही फोटो काढताना तुमच्या पाठीमागे काय होतं?"

माझ्या पाठीमागे वेलींची दुसरी रांग होती.

ही गोष्ट कळायला मला मळ्यापर्यंत जावं लागलं. चकाकणारा भाग त्याच्यामागे काय आहे ते दाखवतच नाही. त्याच्या समोर जे आहे, म्हणजे फोटो काढणाऱ्याच्या पाठीशी जे आहे, ते तो दाखवतो. इतके दिवस मी गाडीच्या मागे जागा शोधत फिरत होते आणि अर्ध्या गाडीवर माझ्या मागचं जग उमटत होतं. धरणावरचे फोटो पुन्हा उघडून पाहिले. टाकीच्या क्रोममध्ये मी होते, पिवळ्या कुर्त्यात, शेजारी आमची पांढरी कार, तिचं उघडं दार आणि दारात बसलेला भाऊ. सगळं वाकडं, ताणलेलं, पण ओळखू येईल इतकं स्पष्ट. आणि जिथे कारचा पांढरा डाग पडला होता, बरोबर तिथे टाकीला पोचा होता. फोटोत तो पोचा दिसत नव्हता. तो फोटो बघून कोणी साताऱ्याहून किंवा बेळगावहून गाडी घ्यायला आलं असतं तर इथे येऊन त्याला पोचा दिसला असता आणि आम्ही लपवला असं वाटलं असतं.

शेवटी जागा मिळाली ती सातपूर एमआयडीसीत. मिस्त्रींच्या ओळखीच्या एका बंद गोडाऊनची भिंत, साधं सिमेंटचं प्लॅस्टर, रंग न दिलेलं, पंधरा-सोळा फूट उंच. समोर कोबा केलेलं मोकळं अंगण. पहिल्यांदा पाहून माझा जीव खट्टू झाला. काकांच्या गाडीला ही भिंत? मिस्त्री म्हणाले, एक फोटो तर काढा.

त्या भिंतीचं तोंड उत्तरेला होतं आणि त्यातच तिची सगळी करामत होती. डिसेंबरात नाशिकला सूर्य भर दुपारीही दक्षिणेकडे कललेला असतो. त्यामुळे अशा भिंतीच्या पायाशी दिवसभर सावली राहते, आणि दुपारी बारालासुद्धा ती साधारण भिंतीच्या उंचीइतकी लांब पडते. मेमध्ये हीच सावली जवळजवळ नाहीशी होईल. आम्ही जावा भिंतीपासून आठ फूट पुढे, पूर्ण सावलीत उभी केली. तिच्यापुढे सहा फुटांवर ऊन सुरू होत होतं. उन्हातल्या कोब्यावरून उजेड परतून गाडीच्या पोटाखाली शिरत होता, जिथे एरवी काळोखच असतो. इंजिनाचे पंखे एकेक मोजता येत होते. साखळीच्या कव्हरवरचा स्क्रू दिसत होता. कडक सावली कुठेच नव्हती.

आणि रंग. राखाडी भिंत स्वतःचा रंग गाडीला देत नाही. फोनला मागे भरमसाट हिरवा किंवा केशरी दिसला की तो सगळ्या फोटोचा रंग आपल्या मनाने फिरवतो, इथे त्याला फिरवायला काही नव्हतं. सीट उचलली की आत मूळ रंगाचा एक तुकडा शाबूत आहे. फोन त्याच्या शेजारी धरून स्क्रीनवरचा रंग ताडून पाहिला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा दोन्ही लाल जुळले.

भिंतीपासूनचं अंतर तीन वेळा बदललं. गाडी भिंतीला खेटून असली की प्लॅस्टरचे ओरखडे आणि गाडीचे ओरखडे एकाच पातळीवर येतात, कोणता कशाचा कळत नाही. आठ फुटांवर भिंत किंचित धूसर झाली आणि गाडी पुढे आली. फोनमधल्या पोर्ट्रेट मोडवर मात्र विसंबू नये. तो मागचं धूसर करताना चाकाच्या तारांमधली भिंत कधी धूसर करतो, कधी तशीच ठेवतो. आमच्या एका फोटोत त्याने क्लचची केबल मधूनच पुसून टाकली. गिऱ्हाईक विचारेल, केबल तुटलीय का? त्यापेक्षा स्वतः पंधरा पावलं मागे जावं, दोन पट झूम करावा आणि उकिडवं बसून फोन टाकीच्या खालच्या कडेच्या उंचीवर आणावा. जवळून काढला की पुढचं चाक भोपळ्याएवढं होतं आणि मागचं आक्रसतं. उभ्याने काढला की मागे भिंत उरतच नाही, नुसती जमीन येते.

जमीन हीसुद्धा पार्श्वभूमीच, हे मला सुचलं नव्हतं. कोब्यावर जुने तेलाचे डाग होते, त्यातला एक बरोबर इंजिनाखाली. बघणाऱ्याला वाटणार गाडीच गळते. गाडी चार फूट सरकवली, कोबा खराट्याने झाडला, धुऊन वाळू दिला. ओला ठेवला तर छान चमकतो, पण ओल्यात खरी गळतीही लपते, म्हणून नको. नंतर मिस्त्रींनी इंजिनाखाली वर्तमानपत्राचा कोरा कागद पसरला, गाडी दहा मिनिटं चालू ठेवली आणि बंद करून चहा प्यायला गेले. परत आलो तेव्हा कागदावर रुपयाच्या नाण्याएवढा एक थेंब होता. त्या कागदाचाही फोटो काढून जाहिरातीत टाकला.

राहिला क्रोम. आता पाठीशी काय असावं हे आपल्या हातात होतं. काकांची दोन पांढरी धोतरं काकूने धुऊन, घड्या घालून दिली होती. मिस्त्रींच्या दोन पोरांनी ती माझ्या दोन बाजूंना पडद्यासारखी ताणून धरली आणि मधल्या चार बोटांच्या फटीतून मी फोन बाहेर काढला. स्क्रीनवर जे दिसलं ते मी विसरणार नाही. टाकीचा क्रोम दुधासारखा सलग पांढरा झाला, राखाडी भिंतीवर त्याची कड सुरीने कापल्यासारखी उठली. मधोमध एकच बारीक काळी रेघ होती, ती धोतरांमधली फट. त्या पांढऱ्यावर गंजाचे ठिपके मोहरीसारखे सुटे दिसत होते, मी सतरा मोजले. आणि पोचा. त्या पोच्यापाशी ती काळी रेघ हलकेच वळून परत सरळ झाली होती. किती खोल, किती रुंद, सगळं त्या वळणावरून कळत होतं.

मिस्त्री माझ्या खांद्यावरून बघत होते. "साहेबांनी हा पोचा त्र्यंबकच्या रस्त्याला पाडला," ते म्हणाले. "दुरुस्त करू द्यायचे नाहीत."

त्या दिवशी छत्तीस फोटो निघाले आणि त्यातले बावीस टाकले. दोन्ही बाजू, समोर, मागे, किल्लीची जागा, डाव्या अंगाचा किक-गिअरचा दांडा, इंजिन नंबर, चेसिस नंबर. नंबर काढताना मागे एक जुनं राखाडी फडकं खोचलं, नाहीतर फोन पलीकडची जमीन स्पष्ट करतो आणि आकडे पुसट. आरएक्सही त्याच भिंतीपुढे काढली. तिच्याबद्दल सांगण्यासारखं फार नाही. ती दोन दिवसांत विकली गेली, आरएक्सला नुसतं उभं केलं तरी गिऱ्हाईक मिळतं.

जावासाठी या खेपेला फोन कमी आले, पाचच. पण पाचही जणांनी गाडीबद्दल विचारलं. एकाने चेसिस नंबरातला एक आकडा पुन्हा जवळून मागितला. सोलापूरकडच्या एका गृहस्थांनी तो काळ्या रेघेचा फोटो बघून पोच्याची खोली मिलिमीटरमध्ये विचारली. आठवड्याने ते स्वतः आले, भावाला घेऊन. गाडीभोवती एक चक्कर मारली, पोच्यावर अंगठा फिरवला आणि म्हणाले, "जशी पाहिली तशीच आहे." भाव करण्यात पाच मिनिटंही गेली नाहीत. पोचा तसाच ठेवणार का, असं मी विचारलं. ते म्हणाले, विचार करतो.

गाडी जायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी ती पुन्हा वाड्याच्या दारात उभी केली. काकू शेजारी उभी राहिली, हात सीटवर. मागे गुलमेखा चमकत होत्या, टायर जोत्यात विरघळले होते, क्रोममध्ये मी, भाऊ आणि समोरच्या घराची गॅलरी असे सगळे आलो होतो. तो फोटो जाहिरातीत गेला नाही. मोठा करून, चौकटीत बसवून काकूच्या खोलीत लावला आहे.

बुलेट मात्र अजून आमच्याकडेच आहे. तिने मला पुन्हा पहिल्या इयत्तेत नेऊन बसवलं. काळ्या टाकीवर मद्रासच्या कारखान्यात हाताने ओढलेल्या सोनेरी रेषा आहेत, गाडीची अर्धी किंमत त्यांत आहे. तीच धोतरं धरली तर काळा रंग दुधाळ, पिठूळ झाला आणि रेषा गायब. क्रोमला जे मानवलं ते काळ्याला मुळीच नाही. मिस्त्रींनी शेडमधलं काळं घोंगडं आणलं. घोंगडं धरताच टाकी विहिरीसारखी खोल काळी झाली आणि सोनेरी रेषा वर आल्या, अगदी जिथे कारागिराने कुंचला उचलला तिथला किंचित जाड ठिपकासुद्धा. पण त्याच घोंगड्याने खालचं ॲल्युमिनियमचं इंजिन काजळून गेलं. मग वरच्या अंगाला घोंगडं, खाली धोतर, असं धरून पाहिलं. टाकी आणि इंजिन दोन्ही उठले. आता मागची भिंत कमी पडते. सावलीतला राखाडी आणि बुलेटच्या काळ्या सांगाड्याचा काळा यांत म्हणावं तितकं अंतर नाही, मागच्या मडगार्डची कड पुसट येते.

देवळाली कॅम्पातल्या एका जुन्या बंगल्याची चुन्याने रंगवलेली पांढरी भिंत करून पाहिली. ती पश्चिमेला तोंड करून आहे, दुपारनंतर ऊन सरकत येतं आणि चुना इतका उजळतो की फोन सगळा फोटो काळवंडून टाकतो. टाकीवर बोट ठेवून उजेड वाढवला तर रेषा दिसतात पण भिंत जळते. फिकट पिवळी किंवा मळकट पांढरी भिंत चालेल असं आता वाटतं. उत्तरेला तोंड, दहा-बारा फूट उंची, वरून वायर किंवा पाइप गेलेला नको, समोर वीस फूट मोकळी जागा आणि खाली सपाट फरशी किंवा कोबा. सिडको, इंदिरानगर, नाशिकरोड, कुठेही. कोणाच्या पाहण्यात असेल तर जरूर कळवा. होळीच्या आत हवी आहे, नंतर सूर्य वर चढत जातो. सकाळचे दोन तास पुरतील, आणि कोबा आम्ही झाडून देऊ.